लिलावातलं घर घ्यायचंय, पण आत भाडेकरू राहतात. काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मालकाचं कर्ज थकलं, बँकेने घर लिलावात काढलं, किंमत परवडण्यासारखी आहे, पण आत भाडेकरू राहतात. घर नावावर झालं की ते आपोआप निघतील का?

नाही निघत. मी असंच घर घेतलं. पूर्ण पैसे भरल्यानंतर किल्ली हातात यायला ११ महिने गेले, आणि त्यातले बरेचसे माझ्याच चुकीमुळे.

जाहिरातीत ‘जसे आहे, जिथे आहे’ असं छापलेलं होतं. मी अर्थ लावला की भिंतीला ओल असली, नळ गळत असला तर तक्रार करायची नाही. आत राहणारी माणसंही त्या ‘जसे आहे’मध्ये येतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बँकेकडचा ताबा कागदोपत्री होता, म्हणजे दारावर नोटीस लागली होती, बस. तुमच्या जाहिरातीत ताब्याबद्दल नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा. घर रिकामं करून देण्याची जबाबदारी बँक घेत नसेल, तर ती तुमच्यावर आली असं धरा.

मग दोन तारखा शोधा. घर गहाण पडलं ती, आणि भाडेकरार झाला ती. सगळं प्रकरण या दोन तारखांवर फिरतं. करार गहाणाच्या आधीचा आणि खरा असेल, तर बँकेने घर भाडेकरूसकटच तारण घेतलेलं असतं. स्वतःला न मिळालेला हक्क ती तुम्हाला विकू शकत नाही. करार नंतरचा असेल तर भाडेकरूची बाजू कमजोर होते, पण तरीही त्याला दुसऱ्या दिवशी बाहेर काढता येत नाही. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६५-अ सांगतं, की गहाण ठेवलेली इमारत मालक भाड्याने देऊ शकतो, पण ३ वर्षांहून जास्त मुदतीने नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच जप्तीच्या प्रकरणात म्हटलंय, की तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या कराराच्या आधारावर १ वर्षापेक्षा जास्त काळ ताबा ठेवता येत नाही. अमेरिकेत खऱ्या भाडेकरूला निदान ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि कराराची मुदत उरलेली असेल तर ती पाळावी लागते. खरेदीदार स्वतः तिथे राहायला येणार असेल तरच उरलेली मुदत पाळण्यातून सुटका, ९० दिवसांच्या नोटिशीतून नाही. इंग्लंडमध्ये बँकेला न विचारता ठेवलेला भाडेकरूसुद्धा न्यायालयाकडे २ महिन्यांपर्यंत मुदत मागू शकतो. तुम्ही जिथे असाल तिथला नियम स्थानिक वकिलाकडून लेखी घ्या, तोही बोली लावायच्या आधी.

खोटे भाडेकरूही असतात. जप्ती दिसू लागली की मालक एखाद्या नातेवाइकाला मागच्या तारखेचा करार करून आत बसवतो. अमेरिकेच्या कायद्यात कर्जदाराची बायको, नवरा, मुलं, आईवडील यांना खरे भाडेकरू मानतच नाहीत, आणि भाडं बाजारभावाच्या मानाने फारच कमी असेल तरी मानत नाहीत, ते याचसाठी. कराराच्या कागदावर विसंबू नका. भाडं दर महिन्याला खात्यातून गेलंय का, विजेची बिलं कोण भरतं, करार नोंदवला कधी, हे बघा.

हे कळणार कसं? जाऊन बेल वाजवा. मी वाजवली नाही, ती माझी सगळ्यात मोठी चूक. मी थेट वकिलाची नोटीस पाठवली. आत एक जोडपं, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आजी होती. त्यांनी एकही भाडं चुकवलेलं नव्हतं. हप्ते थकवले मालकाने आणि घर चाललं होतं यांचं. नोटीस बघून ते घाबरले, त्यांनीही वकील गाठला, आणि मग आम्ही महिनोन्‌महिने वकिलांमार्फतच बोलत राहिलो. शेवटी मी स्वतः गेलो तेव्हा कळलं, की त्यांना फक्त मुलांच्या परीक्षा होईपर्यंतचा वेळ आणि बुडालेल्या अनामत रकमेचा काही भाग हवा होता. त्याच आठवड्यात लेखी करार झाला. मी दिलेली रक्कम तोपर्यंत वकिलांवर झालेल्या खर्चापेक्षा कमी होती. ठरलेल्या दिवशी त्यांनी घर झाडून किल्ली दिली.

वीज-पाणी तोडायचा किंवा कुलूप बदलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माणसं म्हणून ते वाईट आहेच, शिवाय तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

पैशांची तयारी मात्र कडक ठेवा. भारतातल्या बँक-लिलावात २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते, बाकीची साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते. आत माणसं राहत असलेल्या घरावर कर्ज द्यायला बँका कां-कूं करतात. निदान वर्षभर ते घर वापरता येणार नाही आणि भाडंही येणार नाही, असं धरून हिशेब करा. तो जमत नसेल तर हे घर सोडून द्या.

भाडेकरूंशी बोलणं झालं आणि दोन्ही तारखा कळल्या की इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.