टोमाहॉक घ्यायचा की टॅक्टिकल कुऱ्हाड?

भावा, मागं टोचा असलेली काळी टॅक्टिकल, म्हणजे लष्करी ढंगाची कुऱ्हाड बघून भुलू नकोस. तसल्या बऱ्याच कुऱ्हाडींत टोकापासून मुठीपर्यंत एकच पोलादी पट्टी असते, मोडायची भीती कमी. पण तासभर बाभूळ फोडलीस की झिणझिण्या थेट मनगटात! त्यात पातं पातळ. लाकडात रुततं, फाकवत नाही.

साधा टोमाहॉक म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींची हलकी हातकुऱ्हाड. त्याचं नेढं, म्हणजे पात्यातलं दांड्याचं भोक, मला आवडतं. दांडा टिकावासारखा वरून ओवायचा, मुठीकडं निमुळता. फिरवशील तसं पातं निसटत नाही, उलट आवळतंच. दांडा मोडला तर साताऱ्यात सुतार नवा तासून देईल. दांड्यात पाचर ठोकून पातं बसवलेली कुऱ्हाड उन्हाळ्यात लाकूड वाळलं की ढिली होते. माझ्या तसल्याच कुऱ्हाडीचं पातं कासच्या वाटेवर निसटून पायाशेजारी रुतलं, तेव्हापासून आधी दांडा हलवून बघतो. आणि टोच्याची घेतलीसच तर टोच्यालाही म्यान घे, सॅक फाटते.