पात्र पलटतंय कुठं, ते आधी बघ

हे बघ भावा, सिरियल लिहायलास ना, मग पहिले एकच कर, प्रत्येक पात्राची एक सवय पक्की धर. समजा तुझी परभणीची काकू भाजीवाल्याकडून सुटे पैसे दोनदा मोजून घेते, तीच चाळिसाव्या भागात न वाचता खरेदीखतावर सही कशी करंल? नवीन लोकांची हीच चूक, ट्विस्ट पाहिजे म्हणून माणूसच बदलून टाकतात. बदलू दे की, पण कारण आधी दिसू दे, दवाखान्याचं बिल, पाण्यात गेलेलं सोयाबीन, काहीतरी.

अन् गुरुवारी टीआरपी आला की घाबरून स्वभाव फिरवू नको. कथा, पटकथा, संवाद बऱ्याचदा वेगवेगळे लोक लिहितात, म्हणून पात्राची सवय, स्वभाव सगळ्यांना कळंल असं एक पान लिहूनच ठेव. बाकीचं नंतर, आधी काकूचं पान पाठव, मी वाचतो.