कॅलिफोर्नियात लॉबिस्टची नोंदणी कधी लागते, आणि ऑडिटला काय बघतात

तुमचा प्रश्न असा: कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटोतल्या एका छोट्या व्यापारी संघटनेत तुम्ही पगारावर आहात, एका विधेयकापायी साहेबांनी तुम्हाला कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, चकरा मारायला लावल्यात, आणि लॉबिस्ट (पैसे घेऊन कायद्यांसाठी आमदार-अधिकाऱ्यांकडे वजन टाकणारा) म्हणून नोंदणी न करता हे चालतं का ते कळत नाहीये. बरीच वर्षं हेच फॉर्म भरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तास मोजा. पगारदार माणसाचा एखाद्या महिन्यातला एक तृतीयांश किंवा जास्त पगारी वेळ आमदार, त्यांचा स्टाफ किंवा राज्याचे अधिकारी यांच्याशी थेट संपर्कात गेला, की तो लॉबिस्ट. महिन्याचे १६० तास धरले तर साधारण ५३ तास. भेट, फोन, ईमेल, विधिमंडळाच्या समितीपुढची साक्ष, सगळं यात येतं. ऑफिसात बसून टिपण तयार केलंत, तो वेळ येत नाही. बाहेरून कंत्राटावर काम करणाऱ्याला तासांचं नाही, पैशांचं माप: थेट संपर्काचे महिन्याला २,००० डॉलर.

मर्यादा ओलांडलीत तर १० दिवसांत राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (निवडणुका आणि नोंदण्या बघणारं राज्याचं कार्यालय) नोंदणी. तुमचं प्रमाणपत्र फॉर्म ६०४, संस्थेचा फॉर्म ६०३, फी लॉबिस्टमागे वर्षाला ५० डॉलर, आणि विधिमंडळाचा एथिक्स कोर्स. हे एका दुपारचं काम आहे, त्याचा बाऊ करू नका.

खरी डोकेदुखी तिमाही अहवालांची. तिमाही संपली की दोन आठवड्यांत तुम्ही तुमचा फॉर्म ६१५ संस्थेला द्यायचा, आणि संस्थेने ६३५ भरायचा: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. त्या तिमाहीत काहीच केलं नसेल तरी भरायचा. लोक लॉबिस्टचा पगार बरोबर दाखवतात आणि बाकीच्यांना विसरतात. तुमची ती संशोधन करणारी सहकारी महिन्यातला १० टक्के किंवा जास्त वेळ या कामाला देत असेल, तर तिच्या पगाराचा तेवढा भागही अहवालात यायला हवा.

भेटवस्तूंचं कलम तर पाठच करा. लॉबिस्टने एका अधिकाऱ्यावर महिन्याला १० डॉलरच्या वर खर्च करायचा नाही. १९७४ च्या जूनमध्ये मतदारांनी थेट मतदानाने प्रपोझिशन ९ हा राजकीय सुधारणांचा कायदा मंजूर केला तेव्हाचा हा आकडा, आजही तसाच. तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जेरी ब्राउन म्हणाले होते की यात दोन हॅम्बर्गर आणि एक कोक येतो. आज सॅक्रामेंटोत दोन बर्गर आणून दाखवा! साहेबांना ही १० डॉलरची मर्यादा नाही, त्यांची वेगळी आणि मोठी आहे, पण पळवाट शोधायला जाऊ नका. ‘त्या स्टाफरला तुम्ही जेवायला न्या, टेबल मी बुक करतो’ एवढं केलंत तरी ती जेवणाची भेटवस्तू तुम्ही घडवून आणली असं धरतात. आणखी एक: विधेयक पास झालं तर बोनस, असला करार बेकायदा आहे. साहेब तोंडी म्हणाले तरी नको म्हणा.

आता ऑडिट. ते फ्रँचाइज टॅक्स बोर्ड करतं, म्हणजे राज्याचा आयकर गोळा करणारी मंडळी. लॉबिंग फर्म आणि स्वतःच्या पगारावर लॉबिस्ट ठेवणाऱ्या संस्था यांची चिठ्ठी निघते, दर फेरीत निवड होण्याची शक्यता २५ टक्के. संस्थेचं नाव आलं की तिच्या लॉबिस्टचंही ऑडिट होतं, आणि दोन वर्षांचे अहवाल तपासतात. अहवालातला आकडा तुमच्या हिशेबात सापडतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून भेटींची डायरी, पावत्या, पगारपत्रकं पाच वर्षं जपून ठेवा. हॉटेलच्या पावतीवर कोण बसलं होतं आणि कुणी किती खाल्लं ते त्याच दिवशी पेनने लिहा. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर नुसता एकूण आकडा असतो.

दंडाचं विचारलंत: उशिराला रोज १० डॉलर, हे किरकोळ. पण प्रकरण फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशनकडे (हे नियम राबवणारा राज्याचा आयोग) गेलं तर प्रत्येक उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत.

तुमच्या वर्णनावरून महिन्याला चार-पाच भेटी होतात, त्यात ५३ तास भरणं अवघड दिसतंय. तसं असेल तर तुमची नोंदणी लागणार नाही. पण संस्थेने लॉबिस्ट न ठेवता या कामावर तिमाहीत ५,००० डॉलर किंवा जास्त खर्च केला, तर तिला फॉर्म ६४५ भरावा लागतो. अकाउंट्सवाल्यांकडून या तिमाहीचा खर्च आजच काढून घ्या.