तिकीट शाळेचं, माइल्स तुझे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. नेमणूकपत्र वाचलं. दुबईची शाळा, राहायची सोय, वर्षातून एकदा मुंबईचं येण्याजाण्याचं तिकीट, सगळं ठीक आहे. फोन ठेवता ठेवता तू विमान कंपनी प्रवासावर देते त्या गुणांबद्दल, म्हणजे माइल्सबद्दल, हळूच विचारलंस, "बाई, ते माइल्स शाळेला मिळतात की मला?" त्याचं उत्तर लिहूनच देते. मी तिथे चौदा वर्षं गणित शिकवलं, पण हा हिशेब मला फार उशिरा जमला.

माइल्स तुझे. तिकिटाचे पैसे कोणी भरले हे बघत नाहीत, विमानात कोण बसलं ते बघतात. मात्र शाळेचा एजंट तुझा सभासद क्रमांक आपणहून टाकणार नाही. जूनमध्ये त्याच्या डोक्यावर अख्ख्या शाळेची तिकिटं असतात. विमान कंपनीच्या माइल्स योजनेत खातं फुकट उघडतं. ते आधी उघड आणि क्रमांक त्याला लेखी दे.

नाव मात्र पासपोर्टावर आहे तसंच घाल, मधलं वडिलांचं नाव असेल तर त्यासकट. माझ्या पासपोर्टावर माहेरचं आडनाव होतं आणि खातं मी हौसेने सासरच्या नावाने उघडलं. नवं लग्न, दुसरं काय! दोन उन्हाळे घरी येऊन गेले, खात्यात शून्य. चूक कळली तोवर मागणी करायची मुदत उलटली होती. एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीत राहून गेलेले माइल्स मागायला प्रवासानंतर सहा महिने मिळतात. तोवर बोर्डिंग पास फेकू नकोस, आणि ई-तिकिटावरचा तेरा आकडी क्रमांक (एमिरेट्सचा १७६ ने सुरू होतो) टिपून ठेव.

आता किती मिळतील? फार नाही. मुंबई-दुबई अंतर जेमतेम बाराशे मैल, त्यात शाळा काढते ते स्वस्त भाड्याचं तिकीट, त्यावर माइल्स आणखी कमी. एमिरेट्सच्या सिल्व्हर या वरच्या सभासद दर्जाला वर्षात २५,००० टियर माइल्स (दर्जा ठरवायला वेगळे मोजतात ते) लागतात. वर्षाला एक फेरी करणाऱ्या मास्तरणीने तो नाद सोडावा. शाळेने तिकिटाऐवजी रोख दिली आणि इंडिगो किंवा एअर इंडिया एक्सप्रेस तीनशे दिरहमने स्वस्त पडत असेल, तर डोळे मिटून तिकडे जा. तीनशे दिरहमचे माइल्स एका फेरीत होत नाहीत.

जमलेले वापरताना भागाकार करायचा, तो तर तुला मीच शिकवलाय. धर, तिकीट ९०० दिरहमचं आहे. माइल्सवर घेतलं तरी कर आणि अधिभार रोखच भरायचे, ते धर ३०० आणि वर २०,००० माइल्स. म्हणजे वाचले ६०० दिरहम, एका माइलला तीन फिल्स (शंभर फिल्सचा एक दिरहम). तेवढ्याच माइल्समध्ये ३०० दिरहमचं मिक्सर घेतलंस तर दीड फिल्स. मिक्सर घेणारे मी पाहिलेत, म्हणून सांगते.

जुलै-ऑगस्टात माइल्सवरची जागा मिळणं कठीण, सगळी शिक्षक मंडळी त्याच विमानांवर तुटून पडतात. तू शाळेच्या तिकिटावर ये, आणि माइल्सवर आईला जानेवारी-फेब्रुवारीत बोलाव. तेव्हा तिथली हवा चांगली असते, गुडघ्यांनाही बरी. तिचंही खातं उघडून दोघींचे माइल्स कुटुंबखात्यात एकत्र करता येतात.

स्कायवर्ड्सचे, म्हणजे एमिरेट्सच्या योजनेचे, माइल्स तीन वर्षांनी, तुझ्या जन्ममहिन्याच्या शेवटी बाद होतात. तुझा मार्च, म्हणजे ऐन निकालपत्रकांच्या धांदलीत. फेब्रुवारीतच खातं बघून घे. कतार एअरवेजच्या एव्हिऑसला (तिथल्या माइल्सचं नाव) ३६ महिने असतात, पण मध्ये एखादा व्यवहार केला की मुदत पुढे सरकते.

आणि क्रेडिट कार्ड. पगार सुरू होताच मॉलमध्ये टाय लावलेली मुलं गाठतील, "मॅडम, जॉइनिंगला इतके माइल्स." महिन्याचं अख्खं बिल फेडता येणार असेल तरच घे. थकलेल्या रकमेवर तिथे महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज सहज लागतं. वर्षाचा आकडा तू काढ.

सही करण्याआधी एचआरला मेल टाक: तिकीट मिळणार की रोख, पहिल्या वर्षी मिळणार की वर्ष भरल्यावर, आणि मध्येच नोकरी सोडली तर त्याचे पैसे कापणार का. उत्तर आलं की मला पुढे पाठव.

तुझी,
बाई