जिप्सी तापते, चिखलात फसते: आधी काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, वडिलांची २००४ ची मारुती जिप्सी किंग आहे. उन्हाळ्यात नवी पेठेच्या गर्दीत टेंपरेचरचा काटा वर जातो, पुणे हायवेला लागलं की खाली येतो. मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व) काढून टाकू. पावसाळ्यात मंगळवेढ्याकडच्या शेतात गाडी फसते म्हणून २३५/७५ आर १५ टायर अन् गाडी उंच करायचं लिफ्ट किट टाकायचं मनात आहे. घरी काय काय जमेल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दादा, टायरचे पैसे सध्या राहू द्या, आधी तापायचं बघू. वेगात असताना वारा आपोआप रेडिएटरमधनं जातो, गर्दीत सगळा भार फॅनवर येतो, म्हणजे बहुतेक तुमच्या गाडीचा बेल्ट तरी ढिला आहे नाहीतर फॅन क्लच (गरम झाल्यावर फॅनला इंजिनशी घट्ट जोडणारा भाग) गेलाय. हायवेलाच तापली असती तर मी रेडिएटर आतनं चोक म्हणलो असतो. गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा अन् फॅन हाताने फिरवून बघा, एकदम सैल गरागरा फिरला तर क्लच बदला. थर्मोस्टॅट कायमचा अजिबात काढू देऊ नका, त्याच्याशिवाय इंजिन नीट गरम होत नाही, मग ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो अन् अ‍ॅव्हरेज पडतं. शंका असेल तर तो तपासण्यापुरता काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवा, पाणी उकळायच्या आत उघडला पाहिजे. आणि बोअरचं पाणी रेडिएटरला नकोच, आपल्याकडचं पाणी जड, आत क्षार धरतात, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळूनच भरा. रेडिएटरच्या कॅपचं रबरही बघा, पण इंजिन थंड असतानाच, गरम असताना कॅप उघडली की वाफेनं तोंड भाजतं.

आता टायर. कंपनीचा २०५/७० आर १५ आहे, तुम्ही म्हणता तो उंचीला साधारण १० टक्के मोठा, म्हणजे मीटरवर ६० दिसताना गाडी ६६ ने पळते, पिकअप कमी होतो आणि ब्रेकवर ताण येतो. मागं ड्रम ब्रेक आहेत, ते आधी उघडून साफ करून घ्या. लिफ्टचं मला पटत नाही, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडनं चाकांकडे ताकद नेणारा दांडा) अँगल वाढून त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात, ब्रेकचे होस ताणले जातात, शिवाय आरसी बुकात नसलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच सांगितलंय. त्यापेक्षा पाट्यांचे (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कड्या, नवे टाका, हे घरी जमतं, फक्त जॅकवर भरवसा नको, चेसिसखाली स्टँड लावा.

आणि काळी माती! पाऊस पडला की ती टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत करते, ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीच्या) टायरचीही तीच गत, रुंद खाचांचा मड टायरच थोडीफार माती फेकतो. कंपनीच्याच साइजमध्ये तसा मिळाला तर बघा. मातीत शिरायच्या आधी हवा १८ पीएसआय पर्यंत उतरवा, फोर व्हील टाका, मध्ये थांबू नका. डांबरीवर यायच्या आधी फोर व्हील काढा, याला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, कोरड्या रस्त्यावर गिअरबॉक्स आवळतो. उतरवलेली हवा परत भरायला छोटा पंप गाडीत ठेवा.