'आमच्या मागं कोण हाय ओ मॅडम?'

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न फार वेगवेगळ्या तोंडांतून येतो. घरी शिलाई करणारी ताई, टेम्पोचे हप्ते भरणारा तरुण, गल्लीत पार्लर चालवणारी मुलगी, सुभाषनगरात चप्पल बनवणारा कारागीर, उद्यमनगरातला लेथवाला. येताना तक्रार निराळी असते. झोप नाही, ॲसिडिटी वाढलीय, पोरांवर हात उठतोय. थोडं बोलणं झालं की खरी गोष्ट बाहेर येते. "नोकरीवाल्याला पगार हाय, रजा हाय, पीएफ हाय. आमच्या मागं कोण हाय ओ मॅडम?"

बहुतेकांना वाटतं, याचं उत्तर म्हणजे योजनांची यादी. ती महत्त्वाची आहेच, पुढं सांगतेही. पण यादी हातात दिली म्हणून माणूस उठून बँकेत जात नाही, हे मी वारंवार पाहिलंय. मध्ये काहीतरी आडवं येतं. ते काय असतं, ते विलासरावांच्या गोष्टीतून सांगते. नाव आणि काही तपशील बदललेत. "लिहा की, चार जणांना उपयोग होईल," असं त्यांनीच सांगितलं.

विलासराव पंचेचाळिशीचे. उद्यमनगरात भाड्याची शेड, दोन लेथ, एक मिलिंग, तीन कामगार. फाउंड्रीतून कास्टिंग येणार, हे टर्निंग-बोअरिंग करून परत धाडणार. वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेडमध्ये ऑपरेटर होते, यांनी स्वतःचं उभं केलं. त्याचा अभिमान बोलण्यात होता आणि असायलाच हवा. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड व्हायची. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडं पाठवलं.

समोर बसले आणि मोबाइल टेबलावर पालथा घातला. अंगठ्याच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. मोबाइल थोड्या थोड्या वेळानं घुरघुरायचा आणि दर वेळी तो अंगठा मुठीत जायचा.

"धंदा कसा चाललाय?"

"बेस्ट. काम भरपूर हाय."

मोबाइल पुन्हा घुरघुरला.

"कुणाचा फोन?"

"पार्टीचा असंल."

"काम भरपूर असलेला माणूस पार्टीचा फोन उचलत नाही?"

ते हसले आणि मग डोळे टिपायला लागले. फोन पतसंस्थेच्या वसुलीवाल्याचा होता.

काम भरपूर आहे हे खोटं नव्हतं. पैसे येत नव्हते. पार्ट्या चार-चार, पाच-पाच महिने बिलं अडकवायच्या. इकडं शनिवारी पगार, महिन्याला वीजबिल, शेडचं भाडं. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा चालवायला मिळणारी उचल, संपली, मग पतसंस्था झाली, मग बायकोचे दागिने गहाण गेले. शेवटी एका ओळखीच्याकडून महिन्याला शेकडा पाच दरानं पैसे उचलले. हे शेवटचं घरात माहीत नव्हतं. भिशीला जाणं बंद केलं होतं, तालमीच्या कट्ट्यावरही. रात्री रंकाळ्यावर एकटेच फेऱ्या मारायचे.

अशा वेळी मी आडून विचारत नाही. "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" असं सरळ विचारलं. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते भरतं, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याचा श्वास मोकळा होतो. "विचार येतोय, पण पोरगी आठवती," ते म्हणाले. त्या आठवड्यात रोज कुणाशी बोलायचं, रंकाळ्यावर एकट्यानं जायचं नाही आणि रात्री-अपरात्री मन फिरलं तर 14416 लावायचा, हे आम्ही कागदावर लिहून ठरवलं. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा 2022 पासून आहे. चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

नंतरच्या भेटींत मी पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येत होते. बँकेत जाऊन अडचण का सांगत नाही?

"नाव जातंय ओ मॅडम. एका शेडमध्ये शिंकलं की चौथ्या शेडमध्ये कळतंय. एकदा हात पसरला की माणूस संपला."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. मी ज्या विचारपद्धतीत तयार झाले तिचं म्हणणं असं की परिस्थिती माणसाला टोचते, पण तीन वाजता उठवून बसवते ती त्या परिस्थितीबद्दलची त्याची समजूत. पैशाची अडचण खरी होती. पण 'मदत मागणारा संपतो' ही समजूत त्या अडचणीच्या दारावर पहारा देत बसली होती. आत कुणाला सोडत नव्हती, बाहेर कुणाला जाऊ देत नव्हती.

मी त्यांना गंगाराम कांबळ्यांची आठवण दिली. कोल्हापुरात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं गंगारामनी चहाचं दुकान काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजांनी आपली गाडी दुकानासमोर थांबवून स्वतः तिथला चहा घेतला. "गंगारामनी हात पसरला असं कुणी म्हणतं का?" मी विचारलं. विलासराव म्हणाले, "ते वेगळं हो." पण कुठंतरी ते लागलं होतं.

खरा बदल पुढच्या भेटीत झाला. सोमवारी, शेड बंद असते त्या दिवशी, मी त्यांना सगळी बिलं घेऊन बोलावलं होतं. आले ते कापडाच्या पिशवीत तेलाचे डाग पडलेली बिलबुकं आणि चलनांचा गठ्ठा घेऊन. माझे काही सहकारी म्हणतात, हे समुपदेशकाचं काम नव्हे, हिशेबनिसाचं आहे. मला ते पटत नाही. ज्या कागदाला माणूस घाबरतो तो कागद त्याच्या सोबत बसून उघडणं, हेच माझं काम. आणि धंदेवाल्यांबरोबर मी ते मन लावून करते, फळही दिसतं.

एका कागदावर डावीकडं 'देणं', उजवीकडं 'येणं'. डावी बाजू त्यांना पाठ होती, 7 लाख 15 हजार. उजवी बाजू त्यांनी कधी बेरीज करून पाहिलीच नव्हती. एकेक बिल काढत, पार्टीचं नाव आणि तारीख लिहीत गेलो. बेरीज निघाली 6 लाख 40 हजार.

"एवढं?" त्यांनी बेरीज पुन्हा केली.

"विलासराव, या पार्टीवाल्यांना रात्री झोप लागत असेल का?"

"लागत असंल की. त्यांना काय हाय."

"तुमच्या नजरेत त्यांची पत गेली? माणूस म्हणून संपले ते?"

"न्हाई ओ. मी म्हणतो, धंदा म्हटला की पुढंमागं व्हायचंच. आज न्हाई, उद्या देतील."

"मग हे वाक्य फक्त त्यांच्यासाठीच का? तुमच्यासाठी का नाही?"

ते काहीच बोलले नाहीत. कागदाकडं बघत राहिले. डाव्या यादीवरून उजव्या, पुन्हा डाव्या. मीही बोलले नाही. अशा शांततेत समुपदेशकानं तोंड उघडलं की सगळं वाया जातं. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "म्हंजे मी बी लोकांना सांभाळूनच घेतोय की इतकी वर्सं. मला तेवढं कुणी सांभाळायचं न्हाई, असं मीच ठरवलंय."

तेवढ्यात मोबाइल घुरघुरला. त्यांनी तो सुलटा केला, नाव बघितलं आणि उचलला. "होय, विलास बोलतोय. फोन चुकवत होतो, खरं हाय. मंगळवारी साहेबांकडं येतो, बसून बोलू." बोलताना आवाज थरथरत होता, अंगठा मात्र मुठीत नव्हता.

मला यातून लख्ख दिसलं ते असं. स्वतःचा धंदा करणारा माणूस स्वतःला आणि धंद्याला एकच समजतो. नोकरदाराची कंपनी बुडाली तर तो म्हणतो, कंपनी बुडाली. धंदेवाला म्हणतो, मी बुडालो. म्हणून मदत घेणं हा त्याला व्यवहार वाटतच नाही, कबुलीजबाब वाटतो. ती गाठ सुटल्याशिवाय यादीचा उपयोग नाही आणि सुटल्यावर मात्र यादी लगेच हाती द्यायला हवी.

त्याच आठवड्यात त्यांनी घरी सांगितलं. वहिनी आधी भडकल्या, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या भेटीला दोघं आली. वहिनी बचत गटाचा हिशेब ठेवतात. त्यांनी बिलबुकं स्वतःकडं ओढली आणि म्हणाल्या, "वसुलीचं आता मी बघतो. ह्यांना मागायची भीड वाटती, मला न्हाई वाटत." दर शनिवारी सकाळी प्रत्येक पार्टीला व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो, तारीख आणि रक्कम. भांडण नाही, विनवणी नाही.

आता जे त्यांना उपयोगी पडलं आणि तुम्हालाही पडेल, ते सांगते.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकार-दरबारी नोंद. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, आधार आणि पॅन लागतं. हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या धंद्यासाठी उद्यम असिस्ट आहे. उद्यम नोंदणी पार्टीला माल देण्याआधी झालेली हवी, कारण तिच्यामागं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा (एमएसएमई कायदा) उभा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. याची तक्रार सरकारकडं ऑनलाइन करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे कलम उपयोगी पडत नाही.

विलासरावांची भीती रास्त होती, "तक्रार केली तर पार्टी तुटंल." आम्ही तक्रार केलीच नाही. फक्त प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांच्या मुदतीची एक ओळ छापली. 2024 पासून आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळं मार्चच्या तोंडावर एका पार्टीच्या अकाउंटंटनं आपणहून फोन केला. दुसरी एक पार्टी खरंच तुटली. तिचं काम बंद झाल्यावर महिन्याचा हिशेब सुधारला, हे वहिनींनी आकड्यांत दाखवलं.

बँकेत जायचं ते खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, व्हायच्या आधी. 90 दिवस थकलं की ते होतं, त्याच्या आधी बोलणाऱ्याचं बँक जास्त ऐकते. अडचणीतल्या छोट्या उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये बँकांना चौकट घालून दिलीय. तुम्ही स्वतःहून अर्ज करू शकता आणि हप्ते, मुदत यांची फेरमांडणी करून मागू शकता. सहा महिन्यांचं स्टेटमेंट, येणं-देण्याचा कागद आणि हातातल्या ऑर्डरी बरोबर न्या. पतसंस्थेला ही चौकट लागू नाही. तिथं समोर बसून बोलावं लागतं आणि बोललं की बहुतेक वेळा मार्ग निघतो. बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यानं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नसतो, हेही माहीत असू द्या.

खासगी सावकाराबद्दल स्पष्ट बोलते. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असला तरी बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ. दाद सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात मागायची. विलासरावांनी आधी ते देणं संपवलं, वहिनींच्या भावानं बिनव्याजी दिलेल्या पैशांतून. त्या भावाला सांगायलाही त्यांना आठ दिवस लागले.

नव्या कर्जाचं म्हणाल तर जुनी देणी भागवायला ते काढू नका, एवढं मी हात जोडून सांगते. धंदा वाढवायला हवं असेल तर मुद्रा योजना आहे, तारणाशिवाय 10 लाखांपर्यंत, आणि ते नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत. ज्यांच्या समाजासाठी वेगळं महामंडळ नाही त्यांना, आपल्याकडं मुख्यतः मराठा समाजातल्यांना, अण्णासाहेब पाटील महामंडळ 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत करतं, पण हप्ते वेळेवर भरले तरच. सुभाषनगरातल्या त्या कारागिराला पीएम विश्वकर्मा योजना बरी पडली. 18 पारंपरिक कारागिरींत पादत्राणं आहेत, पहिलं कर्ज 1 लाखाचं 5 टक्क्यांनी, वर अवजारांसाठी 15 हजार. चर्मकार बांधवांसाठी लिडकॉम हे सरकारी महामंडळही आहे. हातगाडीवाल्यांना पीएम स्वनिधी कर्जाचा पहिला टप्पा आता 15 हजारांचा झालाय. यातलं आपल्याला काय बसतं ते जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन समोरासमोर विचारा, मोबाइलवरच्या मेसेजवर विसंबू नका. आणि वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा आजच बँकेत जाऊन घ्या. दोन्ही प्रत्येकी 2 लाखांचे आहेत.

विलासरावांची सगळी देणी फिटलेली नाहीत. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत, दागिने अजून गहाण आहेत. पहाटेची जाग मात्र गेली. भिशीला परत जायला लागलेत. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारच्या शेडमधल्या एकाला माझ्याकडं पाठवलं आणि जाताना त्याला बजावलं, "बिलबुक घिऊन जा, त्या बघायला मागत्यात."