लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ च का येतो?

प्रश्न: ३क्ष + ४य = १२ या रेषेला लंब असलेली रेषा (३, ५) मधून जाते. तिचा चढ मला ३/४ आला, पुस्तकात ४/३ दिलाय. आणि ते −१ येतं कुठून? अकरावी सायन्सला आहे.

उत्तर:

अकरावीत आहेस म्हणतोयस/म्हणतेयस, तेव्हा सरळ अरे-तुरेवर येतो.

मूळ रेषेचा चढ (म्हणजे उभं अंतर भागिले आडवं अंतर; खाली उतरलं तर उणे) −३/४, तो तू बरोबर काढलास. पुढे फक्त चिन्ह बदललंस आणि अपूर्णांक तसाच ठेवलास, घोळ तिथे आहे. ३/४ चढाची रेषा मूळ रेषेइतकीच तिरकी असते, फक्त ती उतरती तर ही चढती. अशा जोडीत काटकोन होतो तो चढ १ आणि −१ असतील तेव्हाच. आणि गंमत म्हणजे वर्गात पहिलं उदाहरण बहुतेक वेळा तेच घेतात, य = क्ष आणि य = −क्ष. मग 'चिन्ह बदललं की झालं' हे डोक्यात पक्कं बसतं.

आता आलेख कागद घे. कुठल्याही बिंदूपासून ४ घरं उजवीकडे जा, तिथून ३ घरं खाली ये, खूण कर. पहिला बिंदू आणि ही खूण जोडलीस की −३/४ चढाची रेषा मिळाली, आणि कागदावर एक काटकोन त्रिकोणही तयार झाला. हा अख्खा त्रिकोण पहिल्या बिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९०° फिरव. उजवीकडे गेलेली ४ घरं आता वर गेली, खाली आलेली ३ घरं उजवीकडे आली. म्हणजे ३ उजवीकडे, ४ वर. चढ ४/३! त्रिकोणासोबत कर्णही ९०° फिरला, त्यामुळे नवा कर्ण जुन्याला लंब असणारच. खात्री करायची तर कंपासपेटीतला गुण्या लावून बघ.

म्हणून 'अपूर्णांक उलटा करा' आणि 'चिन्ह बदला' हे दोन वेगळे नियम म्हणून पाठ करू नकोस. एकाच फिरवण्याने दोन्ही होतं. आडवं अंतर उभं झालं, उभं आडवं झालं, म्हणून अपूर्णांक उलटला. त्यात एकाची दिशा पालटली, म्हणून चिन्ह बदललं. प उजवीकडे आणि फ वर जाणारी रेषा फिरवलीस की −फ उजवीकडे आणि प वर. चढ फ/प होता, तो प/(−फ) झाला. दोघांचा गुणाकार −१.

पेपरात सिद्धता मागितली तर पायथागोरस पुरतो. दोन्ही रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे (०, ०) मधून, जातात असं धर (समांतर सरकवल्याने चढ बदलत नाही). चढ म आणि न असतील तर त्यांच्यावर (१, म) आणि (१, न) हे बिंदू आहेत. काटकोन आरंभबिंदूपाशी, म्हणून

(१ + म²) + (१ + न²) = (म − न)²

कंस सोड, म² आणि न² दोन्हीकडून जातात, उरतं २ = −२मन. म्हणजे मन = −१. दोन रेषांमधल्या कोनाच्या टॅनच्या सूत्रातूनही हेच निघतं, पण तिथे छेद शून्य होतो वगैरे समजावत बसावं लागतं. मला ही वाट जास्त स्वच्छ वाटते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेव. एक रेषा आडवी आणि दुसरी उभी असेल तर त्या लंब असतात, पण उभ्या रेषेला चढच नसतो, त्यामुळे गुणाकाराचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक, आलेख काढताना दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच घे. क्ष-अक्षावर १ सेमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेमी = २ एकक घेतलंस, तर वरच्याच दोन रेषा कागदावर −३/८ आणि २/३ अशा दिसतील. गुणाकार −१/४, आणि गुण्या काही केल्या बसणार नाही. मोबाईलवरच्या आलेखातही बोटांनी एकच अक्ष ताणला गेला की हेच होतं.

तुझं गणित पुरं करू. लंब रेषेसाठी क्ष आणि य यांचे सहगुणक अदलाबदल करायचे, एकाचं चिन्ह बदलायचं: ४क्ष − ३य + क = ०. त्यात (३, ५) घाल. १२ − १५ + क = ०, म्हणून क = ३. रेषा ४क्ष − ३य + ३ = ०.

'हा त्रिकोण काटकोन आहे का?' या प्रश्नातही मुलं अंतराचं सूत्र तीनदा वापरून वर्गमुळांत अडकतात. (१, २), (४, ६), (८, ३) घे. पहिल्या दोन बिंदूंचा चढ ४/३, पुढच्या दोघांचा −३/४. काटकोन (४, ६) पाशी, दोन ओळींत काम झालं.